वेस्टा, आपला काळा पाषाण आणि गुरुजींचा दगड

नमस्कार गुरुजी,

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी बालाघाटच्या डोंगरातल्या एका लहान गावात पाचवी ते सातवीला शिकवतात, त्यांनी कुठंतरी वाचलं की वेस्टा नावाचा मोठा लघुग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तर ते खरं का, वाड्याच्या माळवदावरून लेकरांना दाखवता येईल का, दुर्बीण कुठली लागंल, आणि एवढा मोठा असून त्याला ग्रह का म्हणत नाहीत. वर आणखी एक गोष्ट अशी झाली की गावातल्या एका शेतकऱ्याला नांगरताना काळा जड दगड सापडला, चुंबक लावलं तर चिकटतंय, आणि लेकरं म्हणायलेत गुरुजी हा वेस्टाचाच तुकडा आहे.

मी भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस, आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मराठवाड्यात गावोगावी दुर्बीण घेऊन आकाश दाखवत फिरतोय, त्यामुळं दगड आणि तारे दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे. तुम्ही दगडाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलाय पण मी त्याच्यापासूनच सुरू करतो, कारण वेस्टा समजायला त्याच्याइतकी चांगली वाट दुसरी नाही.

चुंबक चिकटलं म्हणून तो आकाशातला, असं आपल्या भागात म्हणता येत नाही. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्याच्यात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज बारीक कणांत विखुरलेलं असतंय, त्यामुळं शिवारातला कुठलाही ताजा काळा दगड घ्या, दोऱ्याला बांधलेलं चुंबक जवळ नेलं की ओढलं जातंय. दुसऱ्या भागात ही परीक्षा कामाला येते, आपल्याकडं ती फसवते. मला आजवर लोकांनी पन्नासेक तरी दगड आणून दाखवले असतील, कुणी कापडात गुंडाळून आणला, कुणी देवघरातून काढून आणला, त्यातला एकही उल्केचा निघाला नाही. बहुतेक बेसाल्टच होते, दोन-तीन तर जुन्या भट्टीतल्या लोखंडाची मळी होती.

तुमच्या दगडाकडं बघताना तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे त्याला बारीक भोकं आहेत का, किंवा पांढऱ्या खनिजानं भरलेले गोल ठिपके आहेत का. असतील तर तो आपला लाव्हाच, थिजताना त्यातले वायू निघून गेले त्याच्या त्या खुणा, अशनीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडात, सहसा अशी भोकं नसतात. दुसरी म्हणजे साल. आकाशातून येणारा दगड हवेत वेगानं शिरताना तापून वरून वितळतो, त्याच्यावर काळी पातळ साल येते, मिलिमीटरभरसुद्धा जाड नसते, आणि कुठं टवका उडालेला असला तर आतला रंग वेगळा, बहुतेक वेळा फिका दिसतो. वरून आतपर्यंत एकसारखा काळा असला तर आशा सोडा. तिसरी गोष्ट, एक कोपरा कानशीवर थोडा घासून बघा, नेहमीच्या अशनींमध्ये लोखंड-निकेलचे चकाकणारे कण दिसतात.

आता खरी गंमत इथं आहे. वेस्टावरून आलेल्या दगडांमध्ये हे धातूचे कण जवळजवळ नसतातच. म्हणजे चुंबकाला जोरात चिकटणारा दगड वेस्टाचा असण्याची शक्यता उलट कमी होते! त्यांची सालही वेगळी असते, काळी पण तुकतुकीत, रोगण दिल्यासारखी. आणि ती साल जर निघून गेलेली असली, दगड जुना झालेला असला, तर वेस्टाचा दगड आणि आपल्या शिवारातला दगड नुसता डोळ्यांनी बघून मीसुद्धा वेगळा सांगू शकणार नाही, कारण दोन्ही बेसाल्टच आहेत. तेच पायरॉक्सीन, तेच प्लॅजिओक्लेज, खनिजं तीच. प्रयोगशाळेत त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे वजनाला वेगवेगळ्या असलेल्या ऑक्सिजनच्या अणूंचं, प्रमाण मोजलं की मग कळतं कुठला पृथ्वीचा आणि कुठला बाहेरचा.

दोन्ही बेसाल्टच आहेत, हे वाक्य लेकरांना नीट सांगा गुरुजी, कारण माझ्या मते वेस्टाची सगळी गोष्ट ह्याच्यात आहे. लघुग्रह म्हणलं की लोकांच्या डोळ्यांपुढं येतंय एक थंडगार निर्जीव धोंडा, अवकाशात गडगडत चाललेला. पण बेसाल्ट असा आपोआप तयार होत नाही. बेसाल्ट म्हणजे लाव्हा. ज्याच्या पोटात आग होती, ज्याचं अंग आतून वितळलं होतं आणि तो रस वर येऊन थिजला होता त्याच्याच अंगावर बेसाल्ट असतो. आपलं दख्खनचं पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी असंच थरावर थर साचून झालं, वेरूळचं कैलास लेणं त्याच थरांमध्ये वरून खाली कोरलेलं आहे. वेस्टावरचा लाव्हा थिजला त्याला साडेचारशे कोटी वर्षं झाली, तवा पृथ्वी अजून नीट जमायचीच होती.

हे कळलं कसं? १९७० साली थॉमस मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टावरून परत येणारा सूर्यप्रकाश दुर्बिणीतून घेऊन त्याचा वर्णपट काढला, म्हणजे तो प्रकाश रंगारंगांत फोडून बघितला. त्यात अवरक्त प्रकाशाच्या सुरुवातीला, साधारण ०.९ मायक्रॉनजवळ, एक खळगा दिसला, म्हणजे तेवढा प्रकाश पृष्ठभागानं गिळला होता. पायरॉक्सीन नावाचं खनिज बरोबर तिथंच प्रकाश गिळतंय. मग त्यांनी पृथ्वीवर पडलेल्या वेगवेगळ्या अशनींचे वर्णपट शेजारी ठेवून बघितले आणि युक्राइट नावाच्या बेसाल्टी अशनींशी ते जुळलं. कोट्यवधी किलोमीटरवरच्या एका ठिपक्याचा दगड इथं कपाटात ठेवलेल्या दगडाशी जुळवला, यान तिकडं जायच्या चाळीस वर्षं आधी. मी हे दरवेळी सांगताना थांबतो थोडा, कारण मला अजूनही ह्याचं नवल वाटतंय.

मग पुढचा प्रश्न हुशार लेकरू विचारणारच, की एवढ्याशा गोळ्याला आतून वितळायला उष्णता मिळाली कुठून. पृथ्वी मोठी आहे, तिची उष्णता आत कोंडून राहते, लहान गोळा तर भाकरी तव्यावरून उतरवल्यासारखा लगेच निवतो. ह्याचं उत्तर देण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही. २० जून १९९६ ला राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथं अशनी पडला, दोन दगड मिळून ४२ किलो, आणि तो निघाला युक्राइट, म्हणजे वेस्टाच्या जातीचा. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी ह्या शास्त्रज्ञांनी त्यातली खनिजं तपासली, तर त्यात मॅग्नेशियम-२६ जरा जास्त सापडलं. हे जास्तीचं मॅग्नेशियम म्हणजे राख समजा, जळून गेलेल्या अॅल्युमिनियम-२६ ची राख. अॅल्युमिनियम-२६ किरणोत्सारी असतंय, दर सात लाख वर्षांनी निम्मं होतंय, आणि तसं होताना उष्णता देतंय. सूर्यमाला तयार होतानाच्या धुळीत ते होतं, आणि वेस्टा इतक्या लवकर जमला, पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच, की ते संपायच्या आत त्याच्या पोटात अडकलं आणि त्यानं त्याला आतून वितळवलं. १९९९ साली हे छापून आलं. उशिरा तयार झालेल्या लघुग्रहांच्या वाट्याला हे इंधन उरलंच नाही, म्हणून ते कच्चे राहिले.

शोधाचा इतिहास लांबवत नाही. हाइनरिश ओल्बर्स म्हणून जर्मनीत ब्रेमेनला डॉक्टर होते, दिवसा पेशंट बघायचे आणि रात्री तारे, त्यांना २९ मार्च १८०७ ला तो सापडला, त्याच्या आधी सिरीस, पॅलस आणि जुनो हे तीन लघुग्रह सापडले होते, म्हणून वेस्टाचा क्रमांक ४. नाव ठेवलं गणितज्ञ गाउस ह्यांनी. वेस्टा ही रोमन लोकांची चुलीची देवता, घरातला विस्तव जपणारी. गाउसना काय माहीत की ह्याच्या पोटात खरोखरच एकेकाळी विस्तव होता, पण नाव लई बरोबर पडलं.

आकार लेकरांना आकड्यात सांगितला तर डोक्यावरून जातो, मी असा सांगतो. वेस्टाचा सरासरी व्यास ५२५ किलोमीटर आहे, पण तो चेंडूसारखा गोल नाही, ५७३, ५५७ आणि ४४६ किलोमीटर अशी तीन मापं आहेत, म्हणजे वरून-खालून दाबलेल्या लाडवासारखा. त्याचं सगळं पृष्ठफळ काढलं तर आपले आठ जिल्हे मिळून जो मराठवाडा होतो तसे तेरा मराठवाडे त्याच्यावर पसरता येतील. पूर्ण महाराष्ट्र पावणेतीन वेळा बसेल. आणि तिथलं गुरुत्व आपल्या चाळिसाव्या भागाएवढं, म्हणजे सोयाबीनचं क्विंटलभराचं पोतं तिथं हाताला अडीच किलोचं लागंल. हे सांगितलं की मागच्या बाकावरचा पोरगाही मान वर करतो, माझा अनुभव आहे. मंगळ आणि गुरूच्या मधे लघुग्रहांचा जो मुख्य पट्टा आहे त्यात सिरीसनंतर सगळ्यात जास्त वस्तुमान वेस्टाचं, पूर्ण पट्ट्यातल्या मालाचा साधारण ९ टक्के एकट्या वेस्टात आहे. स्वतःभोवती एक फेरी ५ तास २० मिनिटांत मारतो, सूर्याभोवती ३.६३ वर्षांत.

आता वेस्टाकडं गेलेल्या नासाच्या डॉन यानाबद्दल. हे यान २७ सप्टेंबर २००७ ला निघालं आणि १६ जुलै २०११ ला वेस्टाच्या कक्षेत शिरलं. निघायच्या आदल्या वर्षी ही मोहीम रद्द झाली होती आणि काही आठवड्यांत परत मंजूर झाली, नाहीतर आज आपण वेस्टाला धूसर ठिपका म्हणूनच ओळखत असतो. त्याचं इंजिन आयनचं होतं, झेनॉन वायूला विद्युतभार देऊन मागं फेकायचं, आणि त्याचा जोर किती, तर तळहातावर वहीचा एक कागद ठेवला तर जेवढा भार लागतो तेवढा. पण तो जोर दिवस-रात्र, महिनोन्‌महिने चालू ठेवला. आपण दुचाकीला एक किक मारून सुसाट निघतो तसं ते नव्हतं, पाणी ठिबकून ठिबकून विहीर भरावी तसा त्याचा वेग वाढत गेला. त्याच्यामुळंच त्याला वेस्टाभोवती वर्षभर राहून, ५ सप्टेंबर २०१२ ला तिथून निघून, मार्च २०१५ मध्ये सिरीसच्या कक्षेत जाता आलं. पृथ्वीबाहेरच्या दोन वेगळ्या गोलांभोवती फिरलेलं ते पहिलंच यान. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर त्याचं इंधन संपलं, अजूनही ते सिरीसभोवती मुकाट फिरतंय.

वेस्टाच्या पृष्ठभागापासून २१० किलोमीटरवर येऊन डॉननं जे फोटो काढले त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दक्षिण ध्रुवावरचं रिआसिल्व्हिया विवर. ते आहे हे हबल दुर्बिणीच्या फोटोंवरून १९९० च्या दशकातच कळलं होतं, पण केवढं आहे ते नीट दिसलं २०११ ला. साधारण ५०० किलोमीटर व्यास! म्हणजे विवर जवळपास वेस्टाएवढंच. तुम्ही लोणार बघितलंच असणार, जालन्याच्या बाजूनं गेलं की आपल्या सीमेला लागूनच आहे, तेही बेसाल्टमध्येच आदळून झालेलं विवर, त्याचा व्यास १.८ किलोमीटर. काठावर उभं राहिलं की खालची माणसं मुंगीएवढी दिसतात. आता तसल्या काठावर उभं राहून पलीकडचा काठ पाचशे किलोमीटरवर आहे असं मनात आणा, तीन मराठवाडे त्या एका खड्ड्यात जातील. आणि मधोमध एक डोंगर, तळापासून वीस किलोमीटरपेक्षा जास्त उंच, कळसूबाई १६४६ मीटरचं, तसली बारा कळसूबाई एकावर एक ठेवा. पाण्यात ढेकूळ टाकल्यावर मधलं पाणी उसळून वर येतं ना, तसाच खडक उसळला आणि तसाच थिजून राहिला. हा धक्का साधारण १०० कोटी वर्षांपूर्वीचा. तो एवढा जबर होता की विषुववृत्ताभोवती लांबच लांब चर पडले, डिव्हेलिया फॉसा म्हणतात त्यांना, त्यातला एक ४६५ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर खोल आहे. रिआसिल्व्हियाच्या खाली अजून एक जुनं विवर दबलेलं आहे, व्हेनेनिया, ४०० किलोमीटरचं, म्हणजे त्या बिचाऱ्याला एकाच जागी दोनदा मार बसलाय.

ह्या धक्क्यात जो माल उडाला, वेस्टाच्या घनफळाचा सुमारे एक टक्का, त्याचीच पोरंबाळं आज पट्ट्यात त्याच्या आसपास फिरतायत. १९९३ साली रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू ह्यांनी दाखवलं की वेस्टासारखाच वर्णपट असलेले छोटे लघुग्रह वेस्टापासून पार एका ठरावीक जागेपर्यंत पसरलेत. ती जागा महत्त्वाची. सूर्य-पृथ्वी अंतराच्या अडीच पटीवर जो लघुग्रह जातो त्याच्या बरोबर तीन फेऱ्या होतात तेवढ्यात गुरूची एक, मग दरवेळी त्याच त्याच जागी गुरूचा हिसका बसतो, झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखा, आणि त्याची कक्षा लांबट होत होत शेवटी आतल्या ग्रहांच्या वाटेत येते. वेस्टाच्या काही तुकड्यांनी तीच वाट धरली आणि ते आपल्याकडं पोचले. बंगालमध्ये शालका इथं १८५० ला पडलेला अशनी ह्याच घराण्यातला, राजस्थानात लोहावटला १९९४ ला पडलेला ह्याच घराण्यातला, आणि पिपलिया कलां तर सांगितलाच. जगभर पडताना दिसलेल्या अशनींमध्ये शंभरातले पाच-सहा ह्या घराण्याचे असतात. ह्यांच्यात तीन जाती. वरच्या थराचा बेसाल्ट तो युक्राइट, खोलात सावकाश थिजलेला भरड खडक तो डायोजेनाइट, आणि दोन्हीचा भुगा परत दाबून घट्ट झालेला तो होवार्डाइट, आपल्या रस्त्याच्या कामावर मुरूम-खडी एकत्र दाबतात तसा.

वेस्टा स्वतः आपल्यावर येऊन आदळणार का, हे तुम्ही विचारलं नाही पण गावात कुणीतरी मोबाईलवर आलेलं दाखवून विचारणारच, तर निश्चिंत राहा. तो सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हाही मंगळाच्या कक्षेच्या बाहेरच असतो.

ग्रह का म्हणत नाहीत? सुरुवातीला म्हणतच होते, १८०७ नंतर कितीतरी वर्षं पुस्तकात तो ग्रह म्हणूनच होता. मग १८४५ पासून एकामागून एक सापडायला लागले आणि सगळ्यांना वेगळ्या रांगेत बसवलं. २००६ ला सिरीसला बटुग्रह केलं, वेस्टाला नाही, कारण बटुग्रहाला स्वतःच्या गुरुत्वानं गोल व्हावं लागतं आणि वेस्टाचा खालचा भाग रिआसिल्व्हियानं उडवून नेलाय. पूर्वी तो गोल असावा, मऊ होता तेव्हा. पण थिजल्यावर मार बसला, आणि थिजलेला खडक परत भरून येत नाही. मला विचाराल तर नावापेक्षा ही हकीकत लेकरांना जास्त पटते.

इथं एक दुरुस्ती सांगणं माझं काम आहे, कारण मी स्वतः कितीतरी शाळांमध्ये फळ्यावर काढून ठामपणे सांगत आलोय की वेस्टाला पृथ्वीसारखेच तीन थर आहेत, वर कवच, मध्ये प्रावरण आणि आत लोखंडाचा गाभा. डॉनच्या पहिल्या निष्कर्षांत गाभ्याची त्रिज्या साधारण ११० किलोमीटर दिली होती. पण २०२५ मध्ये रायन पार्क आणि सहकाऱ्यांनी डॉनचीच माहिती नव्यानं तपासली, वेस्टा फिरताना किंचित कसा डुलतो ते मोजलं, आणि त्यांचं म्हणणं निघालं की आतलं वस्तुमान मध्यावर तेवढं गोळा झालेलं दिसत नाही, मोठा वेगळा गाभा असायला पाहिजे होता तसं माप येत नाही. कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं टेबलावर फिरवलं की फिरण्यावरून ओळखू येतं, त्याच जातीची ही युक्ती. आता दोन शक्यता मांडल्या जातायत, एकतर थर पडायला सुरुवात झाली पण काम अर्धवट राहिलं, नाहीतर वेस्टा हाच मुळात एखाद्या मोठ्या ग्रहाच्या टकरीतून निघालेला तुकडा असावा. मला पहिली शक्यता जास्त बरी वाटते कारण दगडांची रसायनं थर पडल्याचं सांगतात, पण लेकरांना तुम्ही दोन्ही सांगा. आपल्याकडं किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं भोक पाडून बघितलं तेव्हा कळलं की काळ्या पाषाणाचा थर तिथं ३३८ मीटरचाच आहे आणि खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागतो. आपल्याच पायाखालचं भोक पाडल्याशिवाय कळलं नाही, वेस्टावर तर अजून कुणी एक कुदळही मारलेली नाही.

आता दाखवायचं कसं. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा पट्ट्यातला एकमेव लघुग्रह म्हणून वेस्टाचं नाव घेतात ते खरं आहे, सिरीस मोठा असून दिसत नाही कारण त्याचा पृष्ठभाग कोळशासारखा काळपट आहे आणि वेस्टा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला चाळीस टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकतो. पण तो नेहमी दिसत नाही. पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मधे येते ती प्रतियुती दर सोळा-सतरा महिन्यांनी होते, आणि त्यातही तो सूर्याजवळच्या टोकाला असला तरच ५.३ प्रतीपर्यंत जातो (प्रत म्हणजे ठळकपणाचं माप, आकडा जितका कमी तितका ठळक, आणि नुसत्या डोळ्यांना साधारण सहापर्यंतचं दिसतं). तसं झालं होतं जून २०१८ ला, तो आपल्यापासून १७ कोटी किलोमीटरवर होता.

तवाची आठवण सांगतो. मिरगाचा एक चांगला पाऊस होऊन गेला होता, हवेतली सगळी धूळ बसलेली, अमावस्या नुकतीच झालेली, आणि मी चुलत भावाच्या आखाड्यावर बाजेवर पडून ढग फाटायची वाट बघत होतो. धनू राशीत शनी लखलखत होता आणि वेस्टाही त्याच राशीत. आकाशगंगेच्या ऐन गर्दीत, त्यामुळं पहिल्या रात्री मी भलताच तारा वेस्टा समजून वहीत खूण केली. दुसऱ्या रात्री बघतो तर तो तारा जागेवरच, आणि शेजारच्या तीन ताऱ्यांच्या रांगेजवळचा एक ठिपका मात्र हललेला, बायनॉक्युलर न हलवता मी पाच मिनिटं त्याच्याकडं बघत राहिलो. मग बायनॉक्युलर खाली ठेवली, डोळा थोडा बाजूला नेऊन बघितलं आणि नुसत्या डोळ्यांना तो अंधूक लुकलुकला, गेला, परत आला. भाऊ शेतकरी माणूस, त्याला दाखवला, तो बराच वेळ बघून म्हणाला, म्हणजे हा आपल्याच रानातल्या दगडाचा आहे म्हण की! त्याच्यापेक्षा नीट मला कधी मांडता आलं नाही.

तुमच्यासाठी पुढची संधी २०२६ च्या ऑक्टोबरात आहे. त्यावेळी प्रतियुती आहे, आणि १० तारखेला अमावस्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणजे रात्री काळ्याकुट्ट. वेस्टा तिमिंगल तारकासमूहात असेल, रात्री दहाच्या पुढं पूर्व-दक्षिणेला चांगला वर येईल, शनीही त्याच भागात असल्यानं आधी लेकरांना शनी शोधायला लावा. ह्यावेळी तो सहाव्या प्रतीपेक्षा थोडा अंधूक असणार, म्हणून नुसत्या डोळ्यांचा हट्ट धरू नका, लेकरं नाराज होतात. १०×५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, साधी बायनॉक्युलर पुरे, महागडी दुर्बीण ह्याच्यासाठी घेऊ नका, कारण माझ्या आठ इंची दुर्बिणीतूनही तो ठिपकाच दिसतो, डॉनचे फोटो बघून आलेल्यांना हे आधीच सांगून ठेवायला लागतं. ठिपका दिसतो म्हणून तर विल्यम हर्शेलनी १८०२ मध्ये ह्या मंडळींना ताऱ्यासारखे म्हणजे अॅस्टेरॉइड हे नाव दिलं.

गावातला हायमास्ट बंद करता येतो का ते ग्रामपंचायतीत बोलून ठेवा, दोन तासांपुरता, बहुतेक ठिकाणी ऐकतात. वाड्याचं माळवद चांगलं आहे पण एका वेळी दहाच्या वर लेकरं चढवू नका, जुनी माळवदं भार धरत नाहीत. त्या रात्रीची नेमकी जागा स्टेलॅरियम अॅपवरून काढा आणि मोबाईलला लाल जिलेटीन लावा, नाहीतर डोळे परत अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात. मग प्रत्येक लेकराला वहीच्या पानावर एक गोल काढायला सांगा, बायनॉक्युलरमध्ये दिसणारे ठळक सात-आठ तारे त्यात मांडायचे, वेस्टा कुठला हे तुम्ही सांगायचं नाही. दोन-तीन रात्रींनी परत त्याच जागी तोच गोल काढायचा. प्रतियुतीच्या वेळी तो एका रात्रीत पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण अर्ध्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळं तीन रात्रींत दीड चंद्राएवढा सरकलेला असतो आणि दोन पानं शेजारी ठेवली की जो ठिपका हललाय तो वेस्टा. ओल्बर्सही असेच नकाशे जुळवत बसायचे.

आणि तो शेतकऱ्यानं आणलेला दगड फेकून देऊ नका. वरच्या तीन परीक्षांत तो पास झाला, साल पातळ आणि तुकतुकीत निघाली, आतून फिका निघाला, तर पाण्यानं धुवू नका, फोडू नका, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, देशातले अशनी सांभाळायचं काम त्यांच्याकडंच आहे. नापास झाला तर ऑक्टोबरच्या त्या रात्री माळवदावर घेऊन या. वेस्टा सापडला की एका हातात बायनॉक्युलर आणि दुसऱ्या हातात तो दगड देऊन लेकरांना एकेक करून बघू द्या.